नकारावर माझं नाव

पोरगी बरोबर बोलली होती. तरी सर हसले. अन् मी बी हसली.

व्हिडिओवर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत चालू होती, घेणारे सर अन् मी. पोरगी राळेगावची. झेरॉक्सच्या दुकानात शटर अर्धं खाली ओढून बसलेली. सर पुण्याच्या ऑफिसात. मी आर्णीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर. घरूनच काम करते. सर तिले म्हणाले, "रिलॅक्स. मराठीत बोल." अन् एक कोड पुढे ठेवला. त्यात त्यांनी मुद्दाम चूक ठेवली होती, ती शोधायची.

तिनं दोन मिनिटांत शोधली. मग थांबली. म्हणाली, "सर, अजून एक हाये. यादी रिकामी आली का तुमचा कोड बंद पडते."

ही चूक सरांनी ठेवली नव्हती. ही त्यांचीच होती.

त्यांनी आपला कॅमेरा, माईक बंद केला. माझा फोन वाजला, सरांचाच. मी बी माईक बंद करून उचलला.

"ऐकलंस? 'कोड बंद पडते'! हिला क्लायंटसमोर बसवायचं? सरकी विकेल ती तिथं."

मी हसली. माझा कॅमेरा चालूच होता. पोरीनं मले हसताना पाहिलं अन् ती बी हसली. तिले वाटलं, मॅडमले उत्तर आवडलं.

असं हसणं मी याच माणसासमोर शिकली. चार वर्षांआधी माझी मुलाखत यानंच घेतली. तांड्याचं नाव ऐकून म्हणाला, "तुमचे लोक बैलांवर मीठ वाहायचे ना? आता डेटा वाहणार!" सगळे हसले. मी बी हसली. नोकरी लागली. मग आरशासमोर उभी राहून 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. याडीले, माझ्या मायले, सांगून ठेवलं, माझी मीटिंग चालू असली का आपल्या बोलीत आवाज देत जाऊ नको. ती बिचारी आपल्याच घरात मुकी.

मुलाखत संपली. सर म्हणाले, "फॉर्म तू भर. तुझ्याच भागातली आहे. नकार तुझा असला की कोणी बोट दाखवणार नाही."

मी भरला. संवाद कच्चा. कल्चर फिट नाही. खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला. "मॅडम, तुम्ही हसल्या तेव्हा मले धीर आला होता. काय कमी पडलं, सांगाल का?"

तीनदा वाचला. बैलावरचं मीठ मी गिळलं होतं. आता तेच मी तिच्या जखमेवर टाकून राह्यली होती.

टीमची मीटिंग लागली. बारा जण होते. मी बोलली, "सर, कालचा नकार मी मागे घेऊन राह्यली."

"का?"

"काहून का तिचं उत्तर बरोबर होतं. कोड तुमचा चुकला होता. अन् तुम्ही फोनवर म्हणाले, ती सरकी विकेल."

सर म्हणाले, "भाषा काय झालीये तुझी?"

"माझीच हाये. चार वर्षं तुमची वापरली."

त्यांनी मीटिंग तोडली. संध्याकाळपर्यंत मुलाखत घेणाऱ्यांच्या यादीतून मले काढलं. नकार तसाच राह्यला. पोरीले कोणी परत बोलावलं नाही.

मी तिले लिहिलं, "तुमचं काहीच कमी पडलं नाही. मी तुमच्यावर हसली होती. नकार माझ्या सहीनं गेला."

तिचं उत्तर नाही आलं. येऊ बी नये. माफी मिळवून मले मोकळं व्हायचं नाही.

सर काय काय बोलले ते शब्दाले शब्द लिहून मी कंपनीत वरपर्यंत पाठवलं. चौकशीले बोलावलं तर तोंडावर सांगीन. काढलं तर जाईन, अन् जाईन तिथं बी सांगीन. पण माझ्या भागातल्या माणसाचा गळा दाबाले माझा हात आता कोणाले उसना भेटणार नाही.