घडीचा कोपरा

लातूरच्या साडीच्या दुकानात माझं काम एवढंच होतं, की दुसऱ्यांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. साड्या दाखवायचं काम पुरुषांचं, भाव सांगायचं काम अप्पांचं, म्हणजे मालकांचं, आणि गादीच्या टोकाला नापसंत साड्यांचा जो ढीग पडायचा तो माझा. एम.ए. झालेली बाई दिवसभर हे करते, हे रेणापूरला आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सकाळी एसटीला निघाले की भाऊ दारातूनच म्हणायचा, "घड्याच घालायच्या होत्या तर घरात काय कपडे कमी हायत व्हय?"

उत्तर द्यायला थांबले तर एसटी चुकणार, आणि घरी राहिलेल्या बाईची समजूत काढायला नातेवाईक टपलेलेच असतात. मला नांदेडला दिलं होतं. तिथून मी परत आले होते ती पुन्हा न जाण्यासाठी. ज्या दिवशी नोकरी जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला नांदेडच्या गाडीत बसवतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्यामुळे काम कसलंही असो, ते हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पण कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तर रडू यायचं. साडीची घडी मूळच्याच मोडीवर बसावी लागते, नाहीतर माल वापरल्यासारखा दिसतो. सिंथेटिक साडी हातातून निसटते, कांजी केलेली सुती अंग आखडून बसते, आणि रेशमाचा काठ जरा ओढला की अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्याही आखडतात. एक ढीग संपेपर्यंत दुसरा येतो. एके दिवशी मला स्वतःचाच राग आला. म्हटलं, इथं बसायचंच आहे ना, मग रडत कशाला बसायचं? त्या दिवसापासून मी ढिगाकडे बघणं सोडलं आणि माणसांकडे बघायला लागले. हात आपोआप चालत होतेच.

आणि बघण्यासारखं काय कमी होतं! आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे दिवसभराचं काम. दोन्हीकडची माणसं जीप करून येतात, चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर ठाण मांडतात. मामीची साडी, मावशीची साडी, करवलीची साडी, आणि नाराज होणार हे ठरलेलंच आहे अशा एका काकूची साडी. चहा येतो, रुसवे येतात, दुसरा चहा येतो. शेवटी नवरीचा शालू. तो नवरदेवाकडच्या बायका पसंत करणार. नवरी कुठे बसते? गादीच्या टोकाला, खाली मान घालून, म्हणजे थेट माझ्या ढिगाशेजारी.

साड्या दाखवायला आमचे मामा. सगळं दुकान त्यांना मामाच म्हणायचं. गोरेपान, उंच, झुपकेदार मिशा. साडी उलगडली की ती ते स्वतःच्याच खांद्यावर टाकायचे, निऱ्या पोटाशी धरायचे, पदर हातावर घेऊन असे वळायचे की बघत राहावं. त्या मिशांखाली काय वाट्टेल तो रंग खुलायचा. बायका म्हणायच्या, "हाव, हीच द्या!" आणि मामा लाजायचेसुद्धा. मला हसू आवरायचं नाही, मग मी ढिगात तोंड खुपसून एखादी घडी पुन्हा घालायची.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. नवऱ्या बोलत नाहीत, पण त्यांचे हात बोलतात. बाकीचे मामांकडे बघत असताना नापसंतांच्या ढिगातल्या एखाद्या साडीचा काठ नवरी हळूच दोन बोटांत धरते. कुणी बघतंय वाटलं की सोडते, आणि जरा वेळानं पुन्हा धरते. मग मी त्या साडीची घडी सर्वांत शेवटी घालायची, जेवढा वेळ राहील तेवढा राहू दे म्हणून. काम तेच होतं, पण आता त्यात माझं म्हणून काहीतरी होतं. सकाळी एसटीत बसणं नकोसं वाटेनासं झालं.

मग धीर करून अप्पांना विचारलं, "मीपण साड्या दाखवू का?"

अप्पा वाईट माणूस नव्हेत. गल्ला बंद करत म्हणाले, "बाई, घडी तुझ्यासारखी कुणालाच जमत न्हाई. गादीवर बाईमाणूस साडी दाखवून राहिलं तर लोक काय म्हणतील? गिऱ्हाइकाशी तू बोलायचंच न्हाई. तसं करायचं असंल तर दुसरं दुकान बघ."

मी तोंडाला कुलूप लावलं. दुसरं दुकान नव्हतं, नांदेड होतं.

पुढे कंधारचा एक बस्ता आला. नवरी ठेंगणी, सावळी, डोळे मोठे. नवरदेवाची आत्या सगळ्यांवर हुकूम सोडत होती. मामांनी फिक्या गुलाबी रंगाचा शालू खांद्यावर टाकला आणि वळले. आत्या म्हणाली, "बास! हाच. लई झ्याक दिसून राहिला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरीची आई बारीक आवाजात म्हणाली, "पोरगी सावळी हाय, जरा गडद..." तिला कुणी पुढे बोलू दिलं नाही.

नवरीनं ढिगातल्या मोरपंखी शालूचा काठ धरला होता. या वेळी दोन बोटांत नाही, मुठीत. मी तिच्या मुठीकडे बघत राहिले. माझ्या बस्त्यालाही मी अशीच बसले होते. अबोली रंग मला मुळीच आवडत नव्हता आणि अबोलीच शालू नेसून मी नांदेडला गेले. रंगामुळे संसार मोडला नाही, तेवढी वेडी मी नाही. पण कोणत्याच गोष्टीत मला विचारायचं नसतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं, आणि मलाही.

अप्पा शालू बांधायला सांगणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "आत्याबाई, हा शालू आमच्या मामांना शोभून दिसतोय. पण नेसणार ही पोरगी आहे."

मामा पदर हातात धरून तसेच उभे. अप्पांनी माझ्याकडे जे बघितलं, त्यात माझी नोकरी गेलेली मला स्पष्ट दिसली. पण आता गेलीच आहे तर अर्धवट कशाला सोडू, असं वाटून मी उठले. नवरीला हाताला धरून आरशासमोर उभी केली आणि गुलाबी शालू तिच्या खांद्यावर टाकला. तिचा चेहरा विझल्यासारखा झाला. आत्यालाही ते दिसलं. मग मोरपंखी टाकला. नवरीनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुला कोणता आवडला?" मी विचारलं.

तिनं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मी नुसती पदर धरून उभी राहिले.

"ह्यो," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "ह्योच पायजे मला."

आत्यानं नाक मुरडलं. "आमच्यात नवरीला इचारायची रीत न्हाई," ती म्हणाली. मग आरशात पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "पण दिसून राहिलाय खरा. बांधा."

बस्ता गेला. मी कोपऱ्यात बसून राहिलेला ढीग उरकायला घेतला. एकही घडी धड बसत नव्हती. अप्पा जवळ आले. म्हणाले, "मामाला नवरीच्या खांद्यावर पदर टाकता येत न्हाई, हे माझ्या डोक्यातच आलं न्हवतं. उद्यापासून शालू तू दाखव." दोन पावलं जाऊन परत वळले. "आन् घड्या पण तूच घाल."

तेव्हापासून शालू मी दाखवते. भाऊ अजून दारातून बोलतो, मी अजून एसटी चुकवत नाही. घड्यांचा कंटाळा अजूनही येतो. पण प्रत्येक नवरीला आरशासमोर उभी करून मी तोच प्रश्न विचारते. ती आधी आईकडे बघते, मग सासरच्या बायकांकडे. मागे कुणीतरी घाई करतं, अप्पा खाकरतात. मी पदर धरून थांबते. कोपऱ्यात बसून बसून मला थांबायला येतं, आणि तिच्या तोंडून रंग निघाल्याशिवाय मी पदर खाली ठेवत नाही.