दुसरा भाग मी बघून आले

मी थेटरात जाऊन पाहिलेले पिक्चर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण विचारा मला कुठलाही जुना हिंदी पिक्चर, अख्खी गोष्ट सांगते की नाही बघा. कारण ते सगळे मी माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून ऐकलेत.

सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत आम्ही सात-आठ बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचो. विडीचं काम असं, की डोळे आणि बोटं गुंतलेली, कान मात्र रिकामे. भाऊ चादरीच्या कारखान्यात मागावर होता. दिवसभर खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. शुक्रवारी तो पिक्चर बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यापुढं उभा राहून सांगायचा. घोड्याच्या टापा, दाराची करकर, हिरॉईनचं मुसमुसणं, सगळं एकटाच करायचा. घरात आमची तेलुगू, गल्लीत मराठी, पिक्चर हिंदीत. हा तिन्ही एकत्र कालवायचा. वर पदरची भर. हिरो-हिरॉईन पळून गेले की हमखास सोलापूर स्टेशनात उतरायचे आणि शेंगाचटणी-भाकरी खायचे. एखादी विचारायची, "ए बाबा, खरंच हाय का असं?" तर म्हणायचा, "तिकीट मी काढलंय का तुमी?"

पुढं टीव्ही आला, त्यावर हेच पिक्चर लागायला लागले. पण ज्याची गोष्ट पाठ आहे तो पिक्चर कोण बघत बसणार? शिवाय टीव्हीपुढंही माझी नजर सुपातच.

आता त्याला आवाज नाही. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन केलं, स्वरयंत्र काढलं, गळ्याला भोक ठेवलं, त्यातनं श्वास. देवाला दुसरं काही सापडलं नाही का हो न्यायला? त्यानं लग्न केलं नाही, मी नवरा गेल्यावर माहेरच्या खोलीत परत आलेली. दोघंच. बोलायला त्याच्याकडं ती बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी. तो लिहितो, मी वाचते.

दिवाळीनंतर गळ्याला पुन्हा गाठ लागली. रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, "पसरलंय. आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे." रिक्षात बसून रडून घेतलं, नळावर तोंड धुतलं, घरी आले. त्यानं पाटी पुढं केली: 'काय म्हणाले?'

"चांगला आलाय रिपोर्ट. नुसती सूज हाय."

आमच्यात पेशंटला सांगत नाहीत. माणूस रोगाआधी धास्तीनं जातो म्हणतात. पाटीवर रोज तोच प्रश्न, माझं रोज तेच उत्तर. मला एकच धाक होता, त्याला कळता कामा नये. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी त्यानं आशेवर काढावेत.

अशात एकदा त्यानं लिहिलं: 'पालीचा दुसरा भाग लागलाय.'

पहिला भाग काही वर्षांपूर्वी त्यानंच सांगितला होता. हॉटेलच्या पाण्याच्या टाकीत राहणारं जनावर, दिसायला पाल पण म्हशीएवढं. माणूस गिळलं की वर गुलाबजाम मागायचं. आम्ही हसून हसून सुपं सांडली होती. शेवटी टाकीत करंट सोडून त्याला मारतात. एका बाईला वाईट वाटलं, तर हा म्हणाला, "मावशे, असलं जनावर शेवटी मरणारच. न्हायतर पब्लिक खुर्च्या फाडतंय." पण टाकीमागं एक अंडं राहिलं होतं, म्हणून दुसरा भाग.

त्याला थेटरात जाववत नव्हतं. खोकला आला की गळ्यातनं शिट्टी वाजते, लोक वळून बघतात. म्हणून लिहिलं: 'अक्का तू जा. बघून ये. मला सांग.'

मी गेले. दुपारचा खेळ, एसी असा की हाडं गारठली. या खेपेला ते जनावर फिल्म स्टुडिओत शिरतं आणि या सेटवरनं त्या सेटवर पळत सुटतं. जिथं जाईल तिथं जुन्या पिक्चरची टिंगल. पोरं पडत होती हसून. मीही हसले, खोटं कशाला सांगू? पाल दरोडेखोर होऊन घोड्यावर बसते आणि घोडाच खाऊन टाकते, त्याला कोण हसणार नाही?

मग आणखी एका जुन्या पिक्चरचा सीन आला. दोन जिवलग दोस्त, एकाला गोळी लागलेली, दुसऱ्याच्या मांडीवर डोकं. इथं गोळी लागलेला दोस्त म्हणजे ती पाल. लांबलचक डायलॉग मारते, मान टाकते, बिर्याणीचा वास आला की उठून खाते, परत मान टाकते. थेटर दणाणलं. मला काही उमजेना. कारण त्या पिक्चरमधला दोस्त मरतच नाही. भावानं सांगितलं होतं, गोळी खिशातल्या विडीच्या बंडलात अडकते.

शेजारी एक कॉलेजची पोरगी होती. तिला विचारलं, "खऱ्या पिक्चरमध्ये मरतो का गं हा?"

"अय्यो काकू, सगळ्यांना माहीत आहे की! तोच तर फेमस सीन आहे."

लगेच पुढचा सेट. पाल पांढरी साडी नेसून खाटेवर. हिरोची आई. खोकते, तोंडातनं टोमॅटोचा सॉस येतो, पोराचा हात धरते आणि हात सुटतो. पोरं शिट्ट्या मारत होती. पण भावाच्या गोष्टीत ही आईसुद्धा मरत नव्हती हो! हिला मिरजेला नेऊन बरं करून आणलं होतं. पोराच्या लग्नात ती पंगतीत वाढत होती.

तो ही गोष्ट सांगायचा तेव्हा आमची आई भिंतीला टेकून विडीची पानं कापायची. छातीचं दुखणं होतं, ते बरं होणार नव्हतं, आणि आम्ही तिला सांगितलेलं, साधा खोकला आहे. भाऊ हात पसरून ती पंगत दाखवायचा आणि आई म्हणायची, "बघा, झाली की ती बरी." मी बसल्या जागी आठवून बघितलं. त्या वर्षभरात त्याच्या एकाही पिक्चरमध्ये कुणी मेलं नव्हतं. विशी पण न ओलांडलेलं पोर ते, दर शुक्रवारी मरणं बघून यायचं आणि दारातच पुसून टाकायचं. मला बहिणीलासुद्धा कधी बोलला नाही.

पुढचा पिक्चर मी धड बघितला नाही. शेवटी स्टुडिओला आग लागते. जनावर हिरोच्या पोरीला बाहेर ढकलतं आणि आत राहतं. जळून मरतं. इतका वेळ केकाटणारं थेटर गप्प. दिवे लागले तेव्हा बघते तर हातातल्या तिकिटाची बोटांनी विडी वळून ठेवलेली.

घरी तो उशीला टेकून वाटच बघत होता. मी पुढ्यात उभी राहिले, जशी तो राहायचा. मला कुठलं येतंय सांगायला? पण सांगितलं. घोडा खाल्ला, तिथं तो हसला. आवाज नाही, खांदे नुसते गदागदा हलत होते, डोळ्यांतनं पाणी. कितीतरी महिन्यांनी हसला हो माझा भाऊ. मला इतका हुरूप आला, की मी पालीसारखी चालून दाखवली. दोस्ताचा आणि आईचा सीन तेवढा गाळला.

आगीपाशी आले आणि जीभ अडली. तो टक लावून बघत होता. मी काही ठरवलं नव्हतं, आईची शपथ. आपोआप तोंडातनं निघालं, "मग ते जनावर मागच्या दारानं पळालं की! पळालं ते थेट उजनीच्या पाण्यात शिरलं. आता तितं मासे खात मजेत हाय."

त्यानं पाटी घेतली. 'मेलं न्हाय?'

"न्हाय रे. कशाला मरंल?"

त्यानं सावकाश, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं: 'आईला मी असंच सांगायचो अक्का.'

मला मान वर करवेना. इतके दिवस रिपोर्ट लपवला, औषधाच्या चिठ्ठ्या लपवल्या, रडणं लपवलं, आणि एका पालीपायी सगळं त्याच्या हातात देऊन बसले. मूर्ख बाई मी. त्यानं बटण दाबून पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं: 'आता रिपोर्ट सांग.'

मी खाली बसले, त्याचा हात धरला आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते सगळं सांगितलं. पदरची भर घातली नाही.