रेणुकाची दोन वर्षं

“मॅडम, लिस्टमधी माझं नाव न्हाई.”

रेणुका दारातच उभी होती. दोन दिवसांनी कॅम्पसला कंपनी येणार होती आणि मुलाखतीची यादी नुकतीच नोटीस बोर्डावर लागली होती.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर आहे. कंपन्या बोलावणं, मुलांची माहिती शीटमध्ये भरून पाठवणं, हे माझं काम.

“तुझा दोन वर्षांचा गॅप आहे. कंपनीला एक वर्षापर्यंतच चालतो,” मी म्हणाले.

शिक्षण मध्येच थांबलं की त्याला गॅप म्हणतात. त्या काळात काय केलं, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं.

“मग शर्वरीचं कसं आलं? तिचीबी दोनच हायत की.” सूर तक्रारीचा नव्हता. “धाकटी बारावीला हाय, मॅडम. मला नोकरी लागली तरच ती पुढं शिकती. न्हाईतर माझ्यासारखीच घरी बसती.”

“शर्वरीचं वेगळं आहे,” म्हणून मी उगाचच कपाटाकडे वळले.

काय वेगळं होतं ते आज सांगते. शर्वरीचे वडील शहरातले डॉक्टर. दोन वर्षं तिनं नीटची तयारी केली, नंबर लागला नाही, म्हणून इकडे आली. तिच्या रिमार्कच्या रकान्यात मी ‘प्रवेश परीक्षेची तयारी’ लिहिलं. वर कंपनीच्या एचआरला फोनही केला, “मुलगी हुशार आहे, वर्षं वाया घालवलेली नाहीत.” तो लगेच हो म्हणाला.

रेणुका कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गी गावची. तिच्या प्रतिज्ञापत्रावर ‘घरगुती कारण’ असं होतं. मी तेच उतरवलं. फोन केला नाही. गावाकडच्या मुलीचं घरगुती कारण म्हणजे ठरलेलं लग्न मोडलं असेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

रेणुकाची फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती. माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला. हात वर नेला तशी कळ आली आणि फाइल पडली. रेणुकानं धावत येऊन माझं कोपर धरलं. तळहातावर तोलून हात हळूहळू खाली आणला.

“झटक्यात न्हाई आनायचा. श्वास सोडा आदी. रोज भितीवर बोटं चालवत वर न्यायची. दुखलं की थांबायचं.”

“कुठं शिकलीस हे?”

“अव्वाला, माझ्या आईला, लकवा मारलता की. बारावी झाली अन् तिची एक बाजूच गेली. दवाखान्यातल्या बाईंनी एकदा दाखवलं, मग मीच करायचे. दोन वर्षं लागली. आता भाकरी थापती. पार वाकड्या. धाकटी म्हनती, अव्वा, ही भाकरी हाय का कर्नाटकचा नकाशा?”

ती हसली. मीही हसले. मग मला हसवेना.

“हे प्रतिज्ञापत्रात का नाही लिहिलंस?”

“टाइप करनारा म्हनला, घरगुती लिवलं तरी चालतंय.”

“मला तरी सांगायचंस.”

“तुमी इचारलं न्हाई, मॅडम.”

तिच्यासमोरच एचआरला फोन लावला आणि तिचं नाव यादीत घ्यायला सांगितलं.

“शीट तुम्हीच पाठवलीत ना? ‘घरगुती कारण’ तुम्हीच लिहिलंय.”

“चूक माझी आहे. सुधारून पाठवते.” इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी बहुधा पहिल्यांदाच बोलले.

“आता काय लिहिणार?”

“आईला अर्धांगवायू झाला होता. तिला परत चालतं केलं.”

“बरं. शेवटच्या नंबरला पाठवा.”

रेणुकाला नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिनं आईसाठी बाई ठेवली. धाकटी यंदा बीएस्सीला आहे.

सुट्टीत रेणुका शेंगाचटणीचा डबा घेऊन आली. नव्या मुलींना माझ्यासमोरच सांगत होती, “मॅडमनी माझ्यासाठी कंपनीचा नियम मोडला, म्हाईत हाय का?”

नियम मी आधीच मोडला होता, शर्वरीसाठी, न मागता. रेणुकाला मात्र त्यासाठी माझ्या दारात यावं लागलं. तेव्हाच हे सांगायला हवं होतं. डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत दिला. तिनं ती कौतुकानं नेली.

आता शीट पाठवण्याआधी गॅप असलेल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारते. दहा मिनिटं लागतात. तेव्हाही तेवढीच लागली असती.