पारड्यातला अर्धा किलो

“तीस सेकंदांत माणसाला खोटं बोलता येत नाय,” असं म्हणत मामा सायकलच्या सीटवर दोन थापा मारायचे. मग समोरच्या खेळाडूला दम भरायचे, “बस. घड्याळाकडे बघायचं नाय. माझ्याकडे पण बघायचं नाय.”

परळच्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आमच्या व्यायामाच्या प्रयोगशाळेत मामा तंत्रज्ञ होते. त्यांचं आडनाव हजेरीपटापुरतं. इस्पितळात काम करणारा वयस्कर पुरुष म्हणजे मामा आणि बाई म्हणजे मावशी, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मामांची सायकल जागची हलत नसे. पुढच्या लोखंडी चाकावर पट्टा, पट्ट्याला टांगलेलं पारडं आणि बसणाऱ्याच्या अंगाच्या वजनाप्रमाणे त्या पारड्यात टाकलेली वजनं. वजन जास्त तेवढं चाक जड. तीस सेकंद जीव तोडून पेडल मारायचं. मामा फेरे मोजणार, पारड्यातल्या वजनाशी हिशेब मांडणार आणि कागदावर जोराचा आकडा लिहिणार. शेजारी एक निळी बादली ठेवलेली असे, कारण उतरल्यावर भलेभले पैलवान ओकायचे. मामा त्यांची पाठ चोळत म्हणायचे, “झाला, झाला. आता दुनियेत कायपण कर.”

स्नायूंना ताकद कुठून मिळते हे मी वर्गात फळाभर समीकरणं लिहून शिकवते, ते मामा स्वयंपाकघरात उरकायचे. “पयली पाच-सात सेकंदं घरात शिजलेलं असतं ते वाढायचं. ते संपलं की स्टो भडकवायचा. आच जोरात, पण काजळी धरते, मांड्या पेटतात त्या तिच्यानं. श्वासाचा गॅस येतो, नाय असं नाय. पण पुरता पेटेपर्यंत पावणे उठान गेले!” विद्यार्थी परीक्षेत मला हेच शुद्ध भाषेत लिहून द्यायचे. मी पूर्ण मार्क द्यायची.

मामांची बायको लवकर गेली. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत ते आणि त्यांची मुलगी. ती सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये होती. शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाली की माझ्या परवानगीने मामा तिची टेस्ट घ्यायचे. तिचा आकडा बरा असायचा. फार चांगला कधीच नसायचा.

क्रीडा कोट्यातून नोकरी मिळण्याचं तिचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढे वय निघून जाणार होतं. पुण्याला ट्रायल होती आणि त्याच दिवशी बँकेची परीक्षा. एकच काहीतरी जमणार होतं. त्या शनिवारी ती सायकलवरून उतरली तेव्हा मामांनी कागद माझ्यापुढे धरला. आकडा बघून मी उडालेच.

“एवढा दम असताना पेपर कसला देतेस? ट्रायलला जा,” मी म्हटलं. वर सही ठोकून दिली. मामा खिडकीबाहेर बघत होते. मी मोठी प्राध्यापिका, मला त्यात काही दिसलं नाही.

ट्रायलमध्ये तिची निवड झाली नाही. जवळपासही नाही.

महिन्याभराने एका दुपारी ती एकटीच आली. “मॅडम, परत टेस्ट घ्या. तुम्ही घ्या.” मामांच्या नोंदवहीत पाहून मी वजनं टाकली, फेरे मोजले. जुनाच आकडा आला, बरा, फार चांगला नाही. ती घाम पुसत कागदाकडे बघत राहिली. दारात मामा कधीचे येऊन उभे होते.

“त्या टायमाक मी अर्धा किलो काढलंय,” ते म्हणाले. “वहीत पूर्ण लिवलंय.”

वजन हलकं म्हणून चाक पळालं, आणि हिशेब मात्र पूर्ण वजनाचा. आयुष्यभर हजारो पोरांना खरा आकडा तोंडावर सांगणाऱ्या माणसाने एकदाच खोटं लिहिलं, आणि ते स्वतःच्या लेकीसाठी.

“का पण, बाबा?”

“आदल्या टेस्टाक तू रडलंस. माका बघवला नाय. म्हटलं, जरा हुरूप येईल. तू पेपर सोडशील असा वाटला नव्हता.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नॅपकिनने हँडल पुसलं, बूट बदलले आणि गेली. त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. घर सोडून जायला तिच्याकडे जागा नव्हती, त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत दोघं राहत होती, एक जेवून उठलं की दुसरं बसायचं. हे मला मामांनीच सांगितलं.

निवृत्त झाल्यावर एकदा ते लॅबमध्ये आले. अर्धे झाले होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही तिला एवढं सांगा, अर्ध्या किलोनं काय फरक पडत नाय. तुमचं ऐकेल ती.”

मी म्हटलं, “मामा, पडतो. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

“होय. पडतो,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. माझीही सही होती त्या कागदावर, आणि मी त्यांना तत्त्व शिकवत होते. या गोष्टीची मला अजून लाज वाटते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला आठवड्याने कळलं.

मुलगी हिंदमाताला एका साडीच्या दुकानात कामाला आहे. धीर करून मी गेले. ती काउंटरवर पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, चूक माझीही होती, मीच तुला पेपर सोडायला सांगितलं.

“नाही हो, मॅडम. मी पेपर कधीच सोडला होता. फॉर्मच भरला नव्हता,” ती म्हणाली. “आकडा कसाही आला असता तरी मी ट्रायलला गेलेच असते. बाबांना वाटत राहिलं की त्यांच्यामुळे.”

“मग त्यांना सांगितलं नाहीस?”

“खोट्या आकड्याचा राग होता ना. सांगणार होते. रोज वाटायचं, उद्या सांगू.” घातलेली घडी तिने मोडली आणि परत घालायला घेतली. “दोन वर्षं एका खोलीत होतो, मॅडम.”