पूजलेला सबवूफर

आमच्या घरी वायरींचा मामला धाकट्या दिराचा. मिक्सर बिघडो की पंखा, बाईमाणसानं पक्कडीला हात लावायचा नाही. साजगावच्या कारखान्यात दिवसभर मी मशीन चालवते, पण घरात शिरले की म्हणे मला स्क्रू कळत नाही! म्हणून माझ्या पगारातून होम थिएटर आणलं तेव्हाच जाहीर केलं, हे मीच लावणार.

दीर हसला. "लाव की वहिनी. संध्याकाळच्या मॅचपर्यंत नाय जमलं तर मी हायच."

पहिला खोडा घातला सासूबाईंनी. सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा डबा, खोक्यातून निघताच त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पूजा झालेली वस्तू उंचावर हवी म्हणून तो थेट लोखंडी कपाटावर चढवायला लावला. गाणं लावलं, तर बास राहिला बाजूला, कपाटच थडथडायला लागलं.

"पत्र्याचा डबा वाजवतंस का वहिनी?" दीर दारातून म्हणाला.

सबवूफर खाली जमिनीवर हवा, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई ऐकेनात. "पूजलेली वस्तू पायाशी ठेवतात का गं?"

माझं डोकंच फिरलं. "आई, खळ्यावर भाताची रास कुठं पुजता? कपाटावर?"

त्यांनी एकदा वर कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, उतरव."

आता नेमकी जागा शोधायची. त्यासाठीची युक्ती अशी की सबवूफर आधी आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ढोल-ताशाचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत ऐकायचं. ठोका जिथं भरीव लागेल, तिथं सबवूफर. मी पदर खोचला आणि रांगले. दीर पोट धरधरून हसत होता. हसेना का! कोपऱ्यात नुसतंच घुमत होतं. टीव्हीच्या टेबलाशेजारी मात्र ढोलाचा एकेक ठोका सुटा ऐकू आला. सबवूफर तिथं नेला, दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीला आणले आणि तेच गाणं पुन्हा लावलं. पहिलाच ठोका थेट छातीत उतरला. आनंदानं मी ओरडलेच.

मॅच सुरू होताना दीर वाकला. "हा जरा कोपऱ्यात सरकवतो."

"हात नको लावू रं," सासूबाई कडाडल्या. "तिनं लावलंय. तिला विचार."

तो ताठ उभा राहिला. माझ्याकडे वळला.

"वहिनी, आवाज थोडा वाढवू का?"

"वाढव," मी म्हटलं.