चौथ्या कडव्याचा तवा

भाकर करपल्याचा वास आला की मले १९७४ साल आठवते. मी सव्वीस वर्षांचा होतो. अनसिंगच्या चहाच्या टपरीवर आमी तिघं आमच्या आवडत्या गायकाच्या भीमगीतांवरून भांडत बसायचो. त्याची पहिली रेकॉर्ड, आमच्या भाषेत तवा, मी कारंज्याच्या बाजारातही धुंडाळली, पण कुठं भेटली नाही. अन् आमच्यातला एक दोस्त म्हणे, "माह्याजवळ हाय. त्यातल्या गाण्यात चौथं कडवं बी हाय." मी ते गाणं खुद्द गायकाच्या तोंडून ऐकलं होतं, कडवी तीनच. "दाखव मंग," मी म्हणलं. संध्याकाळी आमी त्याच्या घरी गेलो. त्यानं चुलीकडं आवाज देला, "अवं, तो तवा आन!" बायकोनं फडक्यात धरून भाकरीसकट गरम तवा आणला. बाकी सारे पोट धरून हसले, करपलेली भाकर वाटून खाल्ली, अन् गाण्याचा तवा राहूनच गेला. मी काही हसलो नाही. ज्या घरात गाण्याचा तवा हाय, तिथल्या बाईले तो ठाऊक नसावा? का गाण्याचा तवा घरात नव्हताच, अन् हे सोंग नवराबायकोचं आधीच ठरलं होतं? सकाळ होताच मी माझा चावीचा ग्रामोफोन डोक्यावर घेतला, त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो अन् म्हणलो, "वहिनी, भाकरीचा नाही, गाण्याचा तवा आना."