आईच्या नावाचा डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा होता आणि त्या खिळ्याला पिशव्यांची पिशवी. कुठल्या घरात नसते ती? किराण्याच्या, औषधांच्या, साडीच्या दुकानातल्या, मिठाईवाल्याच्या अशा सगळ्या पिशव्या एकीच्या पोटात कोंबलेल्या. दार लोटलं की ती कुजबुजायची. रविवारी जेवण झाल्यावर मी पडदे ओढून आडवी व्हायचे, पलीकडच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट भिंतीतून झिरपत उशीपर्यंत यायचा, आणि त्यातच मधेमधे ही कुजबुज. अर्धवट झोपेत मला वाटायचं, आई बाजारातून आलीय आणि पिशवीतून काहीतरी काढतेय. काय आणलं असेल ते बघायला मी उठू लागायचे. तेवढ्यात डोळे उघडायचे. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

आणि गंमत म्हणजे आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून जन्मात काही काढलं नव्हतं. जुन्या चादरीच्या शिवलेल्या दोन पिशव्या आणि कडीचे डबे, एवढाच तिचा लवाजमा. दही डब्यात, तेल डब्यात, भजी आणायची तरी डबा. तिच्याबरोबर बाजारात जायची मला लाज वाटायची. नोकरी लागल्यावर मी हात हलवत जायचे आणि पिशव्या लटकवून यायचे, आणि त्याचा मला चक्क अभिमान होता. झोपेत मात्र हे सगळं पुसलं जायचं.

एका रविवारी तो खिळाच निखळला. मी धडपडत उठून स्वयंपाकघरात गेले तर पिशव्यांची पिशवी फाटून पडलेली, आणि वर पंखा चालू. शंभरएक पिशव्या जमिनीवरून उठत होत्या. पांढऱ्या, गुलाबी, निळ्या. काही ओट्यावर जाऊन बसल्या, एक हळूहळू फिरत माझ्या खांद्याला टेकली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात त्या इतक्या अलगद तरंगत होत्या, की मी पंखा बंद करायचंच विसरले. घटकाभर मी तशीच उभी होते. मग त्यातली एक पिशवी तोंडावर येऊन चिकटली आणि माझं डोकं सणकलं. माझा राग असाच आहे, येतो तो एकदम येतो. त्याच तिरीमिरीत मी ठरवलं, उद्यापासून घरात एकही प्लॅस्टिकची पिशवी नाही.

ठरवायला काय जातं! पहिल्या आठवड्यात मी चार वेळा पिशवी विसरले. मंडईत मोहोळकडून येणारी एक भाजीवाली आहे, तिच्यापुढे टोमॅटो तोलून झाल्यावर मी रिकामे हात पुढे केले. ती पोट धरून हसली. "पिशवी इसरलाव व्हय बाई? मग पदर पसरा की. आमची सासू पदरातच आनायची." साडीच्या पदरात दोन किलो टोमॅटो घेऊन मी भर रस्त्यानं घरी आले. ऑफिसातला एक सहकारी समोरून आला, तर मी दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखं केलं.

त्या दिवशी घरी आल्या आल्या स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि आईचे डबे खाली काढले. पाच डब्यांचा संच, एकात एक बसणारा. भांड्यांच्या दुकानात घालून घेतलेलं आईचं नाव प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. संच हातात घेतला तर तो खुळखुळला. उघडून मोजले. चारच डबे. मधला नव्हता.

तो कुठं होता ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या समोरच्या घरात अक्का राहतात. तेलुगू घर, शहराच्या पूर्व भागात अशी कितीतरी घरं. नवरा मागावर होता, अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. गल्लीतली सगळी माणसं त्यांना अक्का म्हणतात. आई अंथरुणाला खिळायच्या आठच दिवस आधी तिनं शेंगांची चटणी कुटली होती आणि मधला डबा भरून मलाच समोर पिटाळलं होतं.

आई आणि अक्का यांच्यात डबे सारखे ये-जा करायचे. इकडून चटणी गेली की तिकडून चिंचेचा भात यायचा, इकडून पुरणपोळी तर तिकडून सकिनं. सकिनं म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली, बोटांनी पीळ देत वळलेली कडी, तळून कुरकुरीत केलेली. नियम एकच होता, आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, पण डबा मोकळा पाठवायचा नाही. त्यामुळे ते देणंघेणं कधी थांबतच नसे. कुठला डबा कुणाचा हेही दोघी विसरायच्या, आणि मग अक्का नाव वाचायला मला हाक मारायच्या. अक्कांना मराठी वाचता येत नाही.

आई गेली आणि हे सगळं थांबलं. अक्का समोरच्या पायरीवर बसलेल्या दिसायच्या, मी गाडी काढायचे, त्या मान वळवायच्या. संक्रांतीला आल्या नाहीत, त्याच दिवसांत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेहून मी बत्तासे आणले ते पिशवीत घालून कुणाच्या तरी हाती पाठवले, त्यावरही काही नाही. बरं, नसेल बोलायचं. पण डबा? तीन वर्षं झाली, आईच्या नावाचा डबा बिनदिक्कत आपल्या फळीवर ठेवून घ्यायचा? मला आत कुठेतरी ते सारखं टोचत होतं. माळ्यावरून संच काढला त्या दिवसापासून तर जास्तच. मला तो डबा हवा होता. आईनं शेवटचा भरलेला डबा होता तो, माझा होता. पण मागणार कसा? दार वाजवून काय म्हणायचं? एका स्टीलच्या डब्यासाठी आले म्हणून? मी भांडायला एका पायावर तयार असते, पण हे मला जमेना.

रविवारच्या झोपेत आता कुजबुज नव्हती. त्याऐवजी आई दिसायची, हातात डबा घेऊन गल्ली ओलांडणारी. आमची गल्ली आठ पावलांची, पण ती चालतच राहायची. मागांचा खटखटाट चालू असायचा, ऊन पिवळंधमक असायचं, आणि ती समोरच्या दारापाशी काही पोचायची नाही.

तेवढ्यात संक्रांत आली. मी तिळाच्या वड्या केल्या. आमच्या वरच्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं भाड्यानं राहायला आलं होतं. आता पिशव्या बंद, म्हणून मोठ्या दिमाखात चौथा डबा भरला आणि त्या मुलीला दिला. दुसऱ्या दिवशी ती डबा परत घेऊन आली. गोड मुलगी. "थँक्यू काकू, मस्त होत्या वड्या," म्हणाली आणि जिना चढून गेली. मी झाकण काढलं. डबा लख्ख घासलेला, कोरडा केलेला. आत काही नव्हतं.

तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नसेल. पण मी त्या रिकाम्या डब्यात बघत राहिले आणि मला एवढं लागलं, की माझंच मला नवल वाटलं. आणि तसंच बघता बघता मला आठवलं.

आई गेली तेव्हा बारा दिवस आमच्या घरी अक्कांकडून जेवण येत होतं. न सांगता, न विचारता. भात, सार, भाजी, रोज चार डबे. शेवटच्या दिवशीचे चार डबे आमच्याकडेच राहिले. दीड महिन्यानं केव्हातरी, सकाळी ऑफिसच्या घाईत, मी ते घासूनपुसून साडीच्या दुकानातल्या एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि अक्कांच्या फाटकाला अडकवले. आतून हाक आल्यासारखी वाटली होती. मी गाडी सुरू केली. पिशवी परत घ्यायची कटकट नको, असंही माझ्या मनात आलं होतं. ते अगदी शब्दन् शब्द आठवलं.

कान तापले माझे. तीन वर्षं मी त्या म्हातारीवर रागावून बसले होते! त्याच डब्यात उरलेल्या वड्या भरल्या आणि चपलासुद्धा न घालता गल्ली ओलांडली. आठच पावलं होती.

अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. विड्या वळणं सोडून कितीतरी वर्षं झाली, पण रिकाम्या बसल्या की त्यांची बोटं मांडीवर वळतच असतात. मला बघून बोटं थांबली.

"रा," त्या म्हणाल्या. ये. जसं काही मी कालच येऊन गेले होते.

मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण काढलं, वड्या बघितल्या, झाकण लावलं.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणाले. "ते तुमचे चार डबे. फाटकाला अडकवून गेले मी. रिकामे."

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई चकाचक घासलीतीस." डबा बाजूला ठेवला. "मी म्हनलं, आई गेली, पोरीनं दार लावून घेतलं. जाऊ दे."

"मला कळलं नाही हो."

"आता कळलं न्हवं? बस की."

मी बसले. आणि मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून निघालंच. "अक्का, आईचा डबा आहे का?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फळीवर मागच्या बाजूला फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते काढून माझ्यापुढे ठेवलं. गाठ सोडली. आईच्या नावाचा मधला डबा. मी झाकण काढलं तर आत तळाशी दोन चमचे चटणी. काळपट लाल झालेली.

"तुज्या आईनं दिल्याली," अक्का म्हणाल्या. "एवडी ठिवली. खाल्ली असती तर डब्बा मोकळा झाला असता. मोकळा झाला की भरून द्याया लागतो. कुनाला देऊ भरून? मी हाक मारली, तू थांबली न्हाईस."

मला रडू फुटलं. इतकं, की मला ते आवरताच येईना. आई गेली तेव्हा लोकांची जा-ये, कागदपत्रं, ऑफिस, यात मी नीट रडलेही नव्हते. अक्का रडल्या नाहीत. पदराच्या टोकानं त्या डब्यावरचं नाव पुसत होत्या. वाचता येत नव्हतं, पण कुठल्या जागी ठिपके आहेत ते अंगठ्याला बरोबर ठाऊक होतं.

मग त्यांनी चटणीची चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "खवट झाली." दुसरी चिमूट माझ्या तळहातावर दिली. मी खाल्ली. खवट, कडवट, आणि खाली कुठेतरी लसूण. आम्ही दोघींनी मिळून ती बोटानं पुसून संपवली.

अक्कांनी वड्या ताटलीत काढून घेतल्या, दोन्ही डबे विसळले, पुसले, पत्र्याच्या मोठ्या डब्यातून सकिनं काढून त्यांत गच्च भरली आणि माझ्या हातात दिले. "मोकळा देत न्हाई मी," म्हणाल्या.

सकिनं दोन दिवसांत संपली. मी दोन्ही डबे आपापल्या जागी बसवले. पाच डबे एकात एक, संच पुरा. हलवून बघितला, आवाज नाही. आता तो माझा होता, आता कुणाला काही द्यायचं नव्हतं. मी तो माळ्यावर ठेवला आणि खाली उतरून पडदे ओढून आडवी झाले. मागांचा खटखटाट आला. झोप आली, पण आई आली नाही. ना गल्लीत, ना दारात. मी बराच वेळ वाट बघितली आणि शेवटी उठून बसले.

दुसऱ्या रविवारी शेंगा भाजल्या. मिक्सरमध्ये घातल्या तर नुसता भुगा झाला, तेल सुटेना. मग आईचं उखळ न्हाणीघरातून ओढत आणलं. जिरं, लसूण, तिखट, मीठ घालून कुटत बसले. दंड भरून आले, मागांच्या ठेक्यात माझा ठेका कधी मिसळला ते कळलंही नाही, आणि बघते तर चटणीला हळूहळू तेलाची चकाकी येत होती. माळ्यावर चढून मधला डबा काढला, भरला आणि समोर गेले.

अक्कांनी चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या की काय.

"तुज्या आईची न्हाई ही," म्हणाल्या.

"माहितीय."

"मीठ कमी हाय." त्यांनी झाकण लावलं आणि डबा उचलून फळीवर ठेवला, पुढच्या बाजूला, हाताशी. "ऱ्हाऊ दे हितं. भरून दीन मी."

आता माळ्यावर चारच डबे असतात. साफसफाई करताना संच हातात आला की खुळखुळतो. कधीकधी मी तो उगाचच हलवून बघते.